न तपासलेले रक्त

गोचीडताप म्हणजे काय, हे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दूध उत्पादकाला समजावून सांगावे लागत नाही. संकरित गाय चारा सोडते, अंग तापते, खांद्यापुढची गाठ सुजते, डोळ्याची आतली बाजू पांढरी पडते. डॉक्टरांना फोन लावतानाच मालक म्हणतो, ‘गोचीडताप दिसतोय.’ हे शहाणपण काही दशकांच्या दूधधंद्यातून आले आहे. राहुरीचे कृषी विद्यापीठ, सहकारी दूध संघ, गावोगावचे पशुवैद्यकीय दवाखाने, थायलेरिया ॲन्युलाटा या परजीवीविरुद्धची ‘रक्षाव्हॅक-टी’ लस, बुपार्व्हाक्वोनचे इंजेक्शन, अशी केवढी तरी व्यवस्था गायीच्या या एका रोगाभोवती उभी राहिली. गायीच्या मागे दुधाचा पगार आहे, म्हणून ती उभी राहिली आणि त्यात गैर काही नाही.

पण गोठ्याच्या भिंतीतल्या भेगेत अंडी घालणारी तीच गोचीड, हायलोमा ॲनाटोलिकम, शेजारी बांधलेल्या गाढवाच्या कानामागेही चिकटते. तिथे ती वेगळा परजीवी सोडते. त्याचे नाव थायलेरिया इक्वाय. गायीच्या परजीवीचा हा जवळचा भाऊबंद घोडा, गाढव आणि खेचर यांच्या रक्तात राहतो. त्याच्या जोडीला बबेसिया कॅबाली हा दुसरा परजीवी असतो. दोघांमुळे होणाऱ्या रोगाला पशुवैद्यकात इक्वाइन पायरोप्लाझ्मोसिस म्हणतात. या रोगावर लस नाही, आणि गाढवाच्या बाबतीत बहुतेक वेळा निदानही नाही.

पुण्याहून येणारा रस्ता केडगावातून अहिल्यानगर शहरात शिरतो. रेणुकामातेचे हे जुने गाव आता शहराचे उपनगर झाले आहे. वाढत्या शहराला विटा, वाळू आणि मुरूम लागतो. कच्च्या विटा भट्टीपर्यंत नेणारी, गाडी शिरत नाही अशा बोळात बांधकामाचा माल पोचवणारी गाढवे अशाच शहरांच्या कडेला जगतात. लग्नसराईत वरातीची घोडी दिसते. पाऊस संपला की बिऱ्हाड पाठीवर घेतलेली धनगरांची तट्टे मेंढरांच्या मागे चालू लागतात. भीमेच्या खोऱ्यातल्या या काटक तट्टांना ‘भीमथडी’ ही स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदही अलीकडे मिळाली आहे. ही सगळी जनावरे गोचिडांच्याच प्रदेशात राबतात. त्यांच्या रक्तात काय चालले आहे ते पाहण्याची यंत्रणा मात्र नेमाने त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे. या जनावरांसाठी रेणवीय तपासणी, म्हणजे पीसीआर, ही श्रीमंत घोड्यांपुरती चैन समजली जाते. खरे पाहता तिची सर्वांत जास्त गरज गाढवाला आणि गरिबाच्या तट्टाला आहे, कारण त्यांच्यातला रोग डोळ्यांना दिसत नाही, काचपट्टीवर सापडत नाही आणि तक्रारीतही येत नाही. त्यामुळे शासनाने ही तपासणी दवाखान्यात वाट पाहत न ठेवता बाजारात आणि यात्रेत न्यायला हवी.

आधी रोगाचा स्वभाव पाहू. गोचिडीच्या लाळेतून शिरलेला थायलेरिया इक्वाय प्रथम पांढऱ्या पेशींत वाढतो आणि मग तांबड्या पेशींत उतरतो. तिथे एका पेशीत चार कण फुलीच्या आकारात दिसू शकतात. बबेसिया कॅबाली थेट तांबड्या पेशीत शिरतो आणि नासपतीच्या आकाराच्या दोन कणांच्या जोडीने ओळखू येतो. पेशी फुटत जातात तसे रक्त कमी होते. ताप, पिवळे पडलेले डोळे आणि हिरड्या, गडद लघवी, पायांवर सूज अशी तीव्र लक्षणे घोड्यात दिसतात, आणि वेळेत उपचार झाला नाही तर घोडा दगावतो. जगला तरी थायलेरिया इक्वाय त्याच्या शरीरातून सहसा जात नाही. असा घोडा जन्मभर वाहक राहतो आणि त्याला चावलेली प्रत्येक गोचीड नवी वाटेकरी होऊ शकते.

गाढवाची गोष्ट आणखी अवघड आहे. ते दुखणे दाखवत नाही. थोडे मंद चालते, ओझ्याखाली थांबते, कडब्याकडे तोंड करून उभे राहते आणि खात नाही. मालकाला वाटते, उन्हाने थकले असेल किंवा आळसावले असेल. गाढवाने दोन-तीन दिवस खाणे सोडले तर रक्तात चरबी वाढून त्यानेच ते मरू शकते, म्हणजे मूळ रोग मागे राहतो आणि मृत्यूचे कारण भलतेच नोंदले जाते, किंवा काहीच नोंदले जात नाही. गाभण घोडीच्या किंवा गाढवीच्या पोटात हा परजीवी वारेतून पिल्लाकडे जाऊ शकतो. मग गर्भ पडतो, किंवा पिवळे पडलेले अशक्त शिंगरू जन्मून काही दिवसांत जाते. ज्या घरात चार गाढवे हीच मिळकत आहे, तिथे एक शिंगरू जाणे म्हणजे पुढच्या काही वर्षांची कमाई जाणे.

आता निदानाकडे वळू. १८८८ मध्ये रोमानियात व्हिक्टर बाबेश यांनी गुरांच्या तांबड्या पेशींत असे सूक्ष्म जीव पाहिले. बबेसिया हे नाव त्यांच्यावरूनच पडले. १८९३ मध्ये अमेरिकेत स्मिथ आणि किलबर्न यांनी गुरांचा टेक्सास ताप गोचिडीमार्फत पसरतो हे सिद्ध केले. संधिपाद जीवाच्या चाव्यातून सस्तन प्राण्यांचा रोग पसरतो, याचा हा पहिला ठोस पुरावा होता. डासांचे आणि हिवतापाचे नाते त्यानंतर उलगडले. त्या काळापासून आजपर्यंत निदानाचे मुख्य साधन राहिले ते रक्ताचा थेंब, काचपट्टी, गिम्सा रंग आणि सूक्ष्मदर्शक. ताप भरलेल्या जनावरात हे साधन आजही उत्तम आहे. ते स्वस्त आहे, तालुक्याच्या दवाखान्यात होते, आणि अनुभवी डोळा काही मिनिटांत उत्तर देतो.

मात्र वाहक जनावरात अनेकदा लाखात एक तांबडी पेशीही बाधित नसते. तिथे काचपट्टी पाहणारा तासभर पाहील आणि ‘परजीवी आढळले नाहीत’ असे प्रामाणिकपणे लिहील. बबेसिया कॅबालीच्या तीव्र आजारातसुद्धा बाधित पेशी क्वचितच एक टक्क्याच्या वर जातात. रक्तातली प्रतिपिंडे शोधणारी एलायझा हा दुसरा मार्ग. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने थायलेरिया इक्वायसाठी अशी तपासणी विकसित केली आहे. ती कित्येक जनावरांवर एकदम करता येते. पण प्रतिपिंडे सांगतात ते एवढेच, की या शरीराची परजीवीशी कधीतरी गाठ पडली होती. परजीवी आज तिथे आहे का, याचे थेट उत्तर त्यातून मिळत नाही.

ते उत्तर पीसीआर देते. कॅरी मलिस यांना १९८३ मध्ये सुचलेल्या आणि १९९३ मध्ये नोबेल मिळालेल्या या पद्धतीत परजीवीच्या डीएनएचा ठरावीक तुकडा नेमका पकडून त्याच्या प्रती दर फेरीत दुप्पट केल्या जातात. तीस फेऱ्यांत एका तुकड्याचे शंभर कोटींहून अधिक होतात, आणि जे सूक्ष्मदर्शकाखाली सापडले नसते ते दिसू लागते. बहुतेक ठिकाणी १८एस या जनुकाचा तुकडा वापरतात, कारण तो अशा सर्व परजीवींत असतो आणि त्याच्या बारीक फरकांवरून जात ओळखता येते. कोविडच्या काळात आपल्याकडे गावच्या पारावरही आरटीपीसीआरची चर्चा होत होती. तेच तंत्र, तीच यंत्रे आणि ती वापरायला शिकलेली तरुण मुले-मुली आज राज्यात आहेत. तंत्र परके आहे, महाग आहे, आपल्याला झेपणार नाही, ही सबब २०२० नंतर फारशी टिकत नाही.

पीसीआरवरही आंधळा विश्वास ठेवू नये. २०१८ मध्ये अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या घोड्यांत थायलेरिया हेनी ही नवी जात ओळखली गेली. तिच्यात ईएमए-१ हे जनुक नाही. त्यामुळे या जनुकावर किंवा त्याच्या प्रथिनावर बेतलेल्या रूढ चाचण्यांना ती दिसतच नव्हती. थायलेरिया इक्वायचेही १८एस जनुकावरून अनेक गट पडतात. परदेशी नमुन्यांवर घडवलेली चाचणी आपल्या मातीतला गट चुकवू शकते. म्हणून इथल्या जनावरांचे नमुने घेऊन, त्यांचा जनुकक्रम वाचून, इथल्यासाठी चाचणी पारखून घ्यावी लागते. हे काम हिसारला बसून पुरे होत नाही. त्याला नगरच्या गाढवाचे रक्त लागते.

ते रक्त कुठे मिळेल, हे शोधायला लांब जावे लागत नाही. केडगावापासून पन्नासेक किलोमीटरवर पाथर्डी तालुक्यात मढी आहे. भटक्यांची पंढरी म्हणून ओळखले जाणारे हे कानिफनाथांचे ठाणे. होळी ते गुढीपाडवा यात्रा भरते आणि तिच्यात गाढवांचा बाजार असतो. पौष पौर्णिमेला जेजुरीत तसाच बाजार भरतो, तिथे गुजरातची काठियावाडी गाढवेही येतात. वडार, कैकाडी, बेलदार, कुंभार अशा समाजांचे लोक वर्षाची खरेदी-विक्री इथे उरकतात. जबडा उघडून दात पाहतात, दुवान, चौवान, कोरा अशी वयाची पारख करतात, पाय पाहतात, चाल पाहतात आणि भाव ठरतो. पिढ्यान्‌पिढ्यांचे हे ज्ञान बारकाईचे आहे. रक्त मात्र कोणालाच पाहता येत नाही. निरनिराळ्या जिल्ह्यांतली आणि राज्यांतली जनावरे चार दिवस एका मैदानावर उभी राहतात, आपापल्या गोचिडी आणि आपापले परजीवी घेऊन, आणि मग नव्या गावांना जातात. रोगाचा नकाशा काढायला याहून चांगली जागा नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की गाढव आता संपत चालले आहे, त्याच्यावर खर्च कशाला? आकडे खरेच भीतिदायक आहेत. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ३ लाख २० हजार गाढवे होती. २०१९ मध्ये ती १ लाख २० हजारांवर आली. घट ६१ टक्के. घोडे आणि तट्टे ६ लाखांहून अधिक होती, ती ३ लाख ४० हजार उरली. महाराष्ट्रात गाढवे सुमारे २९ हजारांवरून १८ हजारांवर आली. या घटीमागे यंत्रे आहेत, बुजलेले पारंपरिक व्यवसाय आहेत, आणि चीनमधल्या एजियाओ या औषधासाठी चाललेला कातड्याचा चोरटा व्यापारही आहे. पण उरलेले प्रत्येक जनावर ज्याच्या दारात उभे आहे, त्याच्यासाठी ते कमी मोलाचे झालेले नाही. पर्यायी धंदा मिळालेले लोक बाहेर पडले. मागे राहिले ते, ज्यांना पर्याय नाही. घटत्या संख्येचा अर्थ असा होतो, की उरलेल्या जनावरांवर उरलेल्या कुटुंबांचा भार अधिक आहे.

दुसरा आक्षेप पशुवैद्यकांकडून येतो आणि तो वजनदार आहे. ज्या प्रदेशात परजीवी सर्वत्र आहे तिथे बहुतेक प्रौढ जनावरे लहानपणीच बाधित होऊन सावरलेली असतात, आणि रक्तातला थोडासा संसर्गच त्यांना नव्या तीव्र हल्ल्यापासून वाचवतो. मग पॉझिटिव्ह निघालेल्या गाढवाचे करायचे काय? इमिडोकार्ब हे औषध आहे, पण थायलेरिया इक्वायला मुळासकट काढायला मोठी मात्रा वारंवार द्यावी लागते. गाढवाला ते घोड्यापेक्षा जास्त बाधते, जास्त मात्रेने जीवही जाऊ शकतो. अमेरिकेत २००९ मध्ये टेक्सासच्या एका मोठ्या रँचवर चारशेहून अधिक घोडे बाधित आढळले, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांवर मोठ्या मात्रेचा उपचार करून परजीवी काढला गेला. तो देश रोगमुक्त राहू पाहतो म्हणून त्याला ते परवडते आणि शोभते. आपल्याकडे औषध देऊन स्वच्छ केलेले गाढव पुढच्या आठवड्यात पुन्हा गोचिडीला सापडणार.

हे सगळे मान्य आहे, आणि म्हणूनच मी पॉझिटिव्ह म्हणजे उपचार असे समीकरण मांडत नाही. तपासणीचा उपयोग तीन ठिकाणी आहे. एक, जनावर खंगत असेल तर कारण कोणते ते कळते. जंत, उपासमार, पायरोप्लाझ्मोसिस आणि सर्रा या सगळ्यांत जनावर अशक्त आणि फिकट होते, पण औषधे वेगळी आहेत. सर्ऱ्याचा परजीवी ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये डेरा इस्माईल खानच्या घोड्या-उंटांत शोधला. तो गोमाश्यांमार्फत पसरतो, आणि रक्ताच्या त्याच नमुन्यात त्याचाही शोध घेता येतो. दोन, कोणता परजीवी आहे ते कळले तर औषधाचा निर्णय बदलतो, कारण बबेसिया कॅबाली तुलनेने सहज जातो आणि थायलेरिया इक्वाय जात नाही. तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, कोणत्या पट्ट्यात किती संसर्ग आहे हे कळले तर गोचीड निर्मूलन कुठे आणि कोणत्या महिन्यात करायचे, गाभण जनावरांना कुठे जपायचे, स्वच्छ भागातून आलेल्या नव्या जनावराला पहिले काही आठवडे कसे सांभाळायचे, हे ठरवता येते.

या नकाशाचा फायदा गाढवापुरता राहत नाही. गाढवाचा परजीवी गायीला होत नाही, गायीचा गाढवाला होत नाही, पण गोचीड सामाईक आहे. गोठा फवारला आणि शेजारच्या गाढवांना वगळले, तर गोचीड तिथे तग धरते आणि परत येते. माणसाचाही इथे संबंध आहे. २०११ मध्ये गुजरातेत क्रिमियन-काँगो तापाने माणसे दगावली, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने निदान केले. तो विषाणू हायलोमा गोचिडीच वाहतात. सिंधुदुर्गात २०१६ पासून माकडतापाने गोचिडीची दहशत काय असते ते दाखवले आहे, जरी तिथली गोचीड वेगळी असली तरी. कोणत्या गोचिडी कुठे आहेत आणि त्यांच्या पोटात काय आहे, याची नोंद ठेवणारे राज्य पुढच्या संकटाला अचानक सामोरे जात नाही.

तिसरी अडचण मालकांच्या मनातली आहे आणि ती हलक्याने घेऊ नये. घोड्या-गाढवांचे रक्त आजही सरकार घेते, ते ग्लँडर्स या रोगाच्या पाहणीसाठी. ग्लँडर्स माणसालाही होऊ शकतो, आणि बाधित जनावर मारावे लागते. त्यामुळे रक्त काढायला माणसे आली की जनावरे हलवली जातात. ज्याचे पोट त्या जनावरावर आहे त्याची ही भीती रास्त आहे. पायरोप्लाझ्मोसिसमध्ये जनावर मारायचे नसते, हे त्याच्या भाषेत, त्याच्या समाजातल्या जाणत्या माणसांमार्फत आधी सांगावे लागेल. बाजारात जनावरागणिक निकाल जाहीर करू नयेत, नाहीतर भाव पडतील आणि पुढच्या वर्षी कोणी जवळ उभे करणार नाही. निकाल मालकाला एकट्याला, मराठीत, काय करायचे त्या सल्ल्यासह मिळावा. नकाशात फक्त तालुका दिसावा.

खर्चाचे म्हणाल तर बराचसा खर्च आधीच होत आहे. ग्लँडर्ससाठी सुई टोचलीच जाते, तेव्हा रक्तद्रवाच्या नळीसोबत न गोठणाऱ्या रक्ताची, जांभळ्या झाकणाची दुसरी नळी भरायची. बर्फ टिकणार नसेल तिथे गाळणकागदावर रक्ताचे थेंब वाळवून ते पाकिटातून पाठवता येतात. पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे, शिरवळला आणि परळला पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, परळचे तर १८८६ पासून आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधाला विषय हवे असतात, आणि मढी-जेजुरीचा नकाशा दहा वर्षे पुरेल एवढा विषय आहे. प्रत्येक जनावरासाठी नवी सुई ही अट मात्र काटेकोर हवी. एकच सुई अनेकांना टोचल्याने हा रोग पसरतो, आणि रोग शोधायला गेलेल्यांनीच तो वाटला, असे घडता कामा नये.

जुलै २०२५ मध्ये मेरठच्या लष्करी पशुवैद्यक केंद्रातल्या घोड्यांच्या विभागाला जागतिक पशुआरोग्य संघटनेने रोगमुक्त म्हणून मान्यता दिली. ज्या रोगांपासून तो मुक्त ठरला, त्यांत पायरोप्लाझ्मोसिस, सर्रा आणि ग्लँडर्स आहेत. त्यामुळे आपले क्रीडाअश्व परदेशी स्पर्धांना जाऊ शकतील. ही अभिमानाची गोष्ट आहे, आणि तिने एक गोष्ट पुरती सिद्ध केली: इच्छा असेल तर या देशाला हे परजीवी नेमके शोधता येतात, मोजता येतात आणि दूर ठेवता येतात. कुंपणाच्या आत जे जमले ते कुंपणाबाहेर तसेच्या तसे जमणार नाही. केडगावच्या परिसरात रोगमुक्तीचे स्वप्न पाहण्यात अर्थ नाही. पण मोजणे तरी जमलेच पाहिजे.

प्रयोगशाळेतली चाचणी किती संवेदनशील आहे यावर शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे वाद घालतात, आणि तो वाद आवश्यक आहे. तरीही सर्वांत मोठी चूक प्रयोगशाळेच्या आधीच होऊन गेलेली असते. ज्या गाढवाचा नमुना कधी घेतलाच नाही, त्याच्या बाबतीत जगातली सर्वोत्तम पीसीआरही शून्य संवेदनशील आहे. पशुसंवर्धन विभागाने मढीच्या पुढच्या यात्रेत एक पथक उभे करावे, दुसरी नळी भरावी, अंगावरच्या गोचिडी चिमट्याने काढून अल्कोहोलच्या बाटलीत ठेवाव्यात, आणि सहा आठवड्यांत निकाल मालकांच्या हाती द्यावेत. एवढे झाले तर वीटभट्टीवर राबणाऱ्या कुटुंबाला पहिल्यांदा कळेल, की आपले जनावर आळशी नव्हते, आजारी होते, आणि त्याला कामातून कधी सोडवायचे ते आता आपल्याला ठरवता येते.